डब्यातलं प्रोटीन आणि छातीतलं प्रोटीन

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून सर्दी झाली की त्याच्या छातीत शिट्ट्या वाजतात, पहाटे खोकत उठतो. तपासण्या करून डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा सांगितला आणि रोज दोन वेळा घ्यायचा पंप दिला. सासरे म्हणतात, ‘पंपाची सवय लागते, एवढ्याशा पोराला स्टेरॉइड कशाला?’ सोसायटीतल्या ओळखीच्या एका बाईंनी अडीच हजारांचा पावडरचा डबा आणून दिलाय. फुफ्फुसातली प्रोटीन्स कमी झाली की ॲलर्जी होते, पावडर ती भरून काढते आणि तीन महिन्यांत पंप सुटतो, असं त्या सांगतात. मोबाईलवर त्यांनी शास्त्रज्ञांचं संशोधनही दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, निफाड तालुक्यात, कांद्याची चाळ फोडली तेव्हा मुलाला मोठा अटॅक आला, तेव्हापासून मी घाबरले आहे. पंप चालू ठेवू की पावडर देऊन बघू?
— एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : ताई, पंप चालू ठेवा आणि डबा परत करता आला तर करा. फोडला असेल तर अडीच हजार गेले असं समजा. त्यात काय काय घातलंय ते मला इथे बसून दिसत नाही, म्हणून मुलाला तर तो नकोच. दम्यावरच्या ‘रामबाण’ पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. पंपातल्या स्टेरॉइडला भिऊन पळायचं आणि पुडीतून त्याच्या कित्येक पट पोटात घालायचं, असला व्यवहार त्यात होतो. शिवाय आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत ब्राँकियल अस्थमाचं नाव आहे. म्हणजे आमच्या औषधाने दमा बरा होतो, असा दावा करायलाच मनाई आहे. तीन महिन्यांत पंप सोडवण्याची हमी देणारा माणूस त्यामुळेच छापील काही देत नाही, तोंडी सांगतो.

आता त्या बाईंनी दाखवलेल्या संशोधनाबद्दल. ते बहुधा खोटं नसणार, आणि पंचाईत तिथेच आहे. फुफ्फुसातली काही प्रोटीन्स ॲलर्जीची सूज आवरून धरतात, हे खरं आहे. त्यावरून पावडर विकणं हे मात्र संशोधनात कुठेही नाही. म्हणून ती प्रोटीन्स काय करतात ते जरा सविस्तर सांगतो. एकदा ते लक्षात आलं की डब्याचा प्रश्न आपोआप निकालात निघतो.

फुफ्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला सरफॅक्टंट नावाचा पातळ थर असतो. त्यात बहुतेक भाग चरबीचा आणि साधारण दहावा हिस्सा प्रोटीनचा. ही प्रोटीन्स मुख्यतः चार : एसपी-ए, बी, सी आणि डी. बी आणि सी पिशव्या मिटू देत नाहीत. ए आणि डी यांचं काम वेगळं, ते पहाऱ्याचं. श्वासाबरोबर आत आलेल्या परागकणांवर, बुरशीच्या बीजाणूंवर, धुळीतल्या किड्यांच्या विष्ठेवर साखरेसारख्या रेणूंच्या साखळ्या असतात. ए आणि डी नेमक्या त्या ओळखून पकडतात. एसपी-डीचा रेणू मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली अधिक चिन्हासारखा दिसतो : मधून निघालेले चार लांब हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला तीन-तीन पकडी. अशा बारा पकडींचा एक रेणू एकाच वेळी बरेच कण धरू शकतो, त्यांचा गोळा होतो आणि सफाई करणाऱ्या पेशी तो गिळून टाकतात.

ॲलर्जीच्या माणसात या सफाईच्या आधीच गडबड सुरू होते. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ असे धोक्याचे संदेश सोडतात. ते मिळाले की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ बनवायला लागतात. चारमुळे आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड वाढतं, पाचमुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, तेरामुळे चिकट कफ तयार होतो आणि नळ्या चिडक्या बनतात. तुमच्या मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टात आयजीई आणि इओसिनोफिल या दोन ओळींवर डॉक्टरांनी गोल केला असेल, तो याच्याचसाठी. पुढच्या वेळी तोच कण आत आला की आयजीई लावून बसलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, नळ्या आवळतात आणि पहाटे तुमची झोप उडते.

एसपी-ए आणि डी या साखळीत एका नव्हे, अनेक ठिकाणी मध्ये पडतात. ॲलर्जीचा कण स्वतःच धरून ठेवल्यामुळे आयजीईला तो नीट पकडता येत नाही, हिस्टामिन कमी सुटतं, पाच आणि तेरा नंबरच्या संदेशांचा जोर ओसरतो. कुंभमेळ्यात रामकुंडावर चांगले स्वयंसेवक असले की गर्दी धरून, वळवून पुढे काढतात आणि पोलिसांना काठी उचलावी लागत नाही, तसं हे काम आहे. यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे, हे मुद्दाम सांगतो. तरुणा मदान, पी. उषा सरमा, उदय किशोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि ऑक्सफर्डमधल्या प्रयोगशाळांतून १९९७ मध्ये दाखवलं, की ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीच्या ॲलर्जीकारक घटकांना आयजीई चिकटणं ही दोन प्रोटीन्स रोखतात. २००१ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्याच बुरशीची ॲलर्जी करवलेल्या उंदरांच्या नाकातून एसपी-ए किंवा एसपी-डी दिलं, तर त्यांचे इओसिनोफिल आणि आयजीई उतरले. बाईंच्या मोबाईलवर याच धर्तीचं काहीतरी असेल. ‘नाकातून’ आणि ‘उंदरांच्या’ हे दोन शब्द विक्रीच्या वेळी गाळले जातात, एवढंच.

मला स्वतःला यातला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग २००३ चा आहे. तेव्हा असं दिसलं, की याच प्रोटीनची दोन टोकं दोन उलट निरोप देतात. पकडी मोकळ्या असताना त्या सफाईच्या पेशींवरच्या एका खुणेला टेकतात आणि ‘शांत राहा’ असं सांगतात. पकडींत जंतू किंवा घाण अडकली की शेपटीकडची बाजू दुसऱ्या खुणेला जाऊन लागते आणि ‘चला, कामाला लागा’ असा निरोप जातो. निरोगी छातीत दिवसभर धूळ जात असूनही सूज येत नाही, त्याचं एक कारण हे. पण त्यासाठी रेणू शाबूत लागतो. सूज आलेल्या फुफ्फुसात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड चार हातांचा रेणू तोडून सुटे तुकडे करू शकतो, आणि असे तुकडे सूज शमवायच्या ऐवजी वाढवायला लागतात, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. पू करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचे पाचक रस त्याला कापतात. आणि ज्या घरधुळीच्या किड्याची ॲलर्जी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते, त्याच्या विष्ठेतलं डर-पी-१ नावाचं एन्झाइम तर एसपी-ए आणि डी या दोघांनाही कुरतडतं. चोर आधी पहारेकऱ्यालाच आडवा करतो.

तेव्हा ताई, ‘प्रोटीन कमी पडलं, भरून काढा’ हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. प्रश्न किती आहे याचा नाही, जे आहे ते धड आहे का याचा आहे. म्हणूनच कुणी एसपी-डीची रक्ततपासणी सुचवली तर तीही करू नका. फुफ्फुसाला इजा झाली की हे प्रोटीन तिथून झिरपून रक्तात येतं, त्यामुळे रक्तात आकडा वाढलेला दिसतो आणि छातीत मात्र तुटवडा असू शकतो. मुलाच्या उपचारात त्या आकड्याने आज काहीही बदलत नाही. श्वासनलिकांच्या बारीक फाट्यांमधल्या क्लब पेशी सीसी-१६ नावाचं असंच सूज आवरणारं आणखी एक प्रोटीन बनवतात. दमेकऱ्यांमध्ये आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ते कमी सापडतं. त्याचीही पावडर निघालेली नाही, निघणारही नाही.

कारण सरळ आहे. तोंडाने घेतलेलं कुठलंही प्रोटीन, मग ते अंड्यातलं असो, मटकीच्या उसळीतलं असो की अडीच हजारांच्या डब्यातलं, पोटात आणि आतड्यात त्याचे सुटे अमिनो आम्ल होतात. शरीर त्यांचं काय करायचं ते स्वतः ठरवतं. डब्यावर फुफ्फुसाचं चित्र आहे म्हणून ते फुफ्फुसाकडे वळत नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सरफॅक्टंट देतात, हे तुम्ही ऐकलं असेल. नाशिकच्या नवजात अतिदक्षता विभागांतही ते वापरलं जातं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी ते यशस्वी करून दाखवलं आणि त्यानंतर लाखो जीव वाचले. पण ते औषध बाळाच्या श्वासनलिकेत नळीने थेट सोडावं लागतं. आणि गाई-डुकरांच्या फुफ्फुसांतून काढलेल्या त्या औषधात बी आणि सी असतात, ए आणि डी शुद्धीकरणात निघून जातात. प्रयोगशाळेत बनवलेल्या एसपी-डीच्या चाचण्या अशाच अकाली बाळांमध्ये झाल्या आहेत. नऊ वर्षांच्या दमेकरी मुलासाठी ते आज कुठल्याही दुकानात नाही.

आता सासऱ्यांचा मुद्दा. त्यांची काळजी मला समजते. त्यांच्या तरुणपणी दम्याला गोळ्या असायच्या, आणि त्या गोळ्यांनी सुजलेली तोंडं त्यांनी पाहिलेली असणार. त्यांना घेऊन बसा आणि हिशेब दाखवा. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. समजा दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. अटॅक आला की दवाखान्यात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची जी गोळी देतात, तिच्यात १०,००० मायक्रोग्रॅम असतात. औषधं वेगळी आहेत, ताकद वेगळी आहे, हे मान्य. तरी अंदाज येतो, की पंप बंद करून वर्षातून तीन-चार अटॅक ओढवून घेण्यात स्टेरॉइड कमी जात नाही, जास्तच जातं. उंचीचं म्हणाल तर अमेरिका-कॅनडात १,०४१ मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड हे पंपातलं स्टेरॉइड काही वर्षं घेतलं, त्यांची मोठेपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हे मी लपवत नाही. रात्री झोप नाही, शाळा बुडते, मैदानात पळता येत नाही, या बदल्यात तेवढं मी माझ्या नातवासाठी विनातक्रार स्वीकारेन. आणि सवय म्हणाल, तर चष्म्याची जेवढी लागते तेवढीच पंपाची लागते. गंमत म्हणजे, स्टेरॉइडमुळे फुफ्फुसातल्या पेशी एसपी-डी जास्त बनवतात, असं प्रयोगशाळेत आणि प्राण्यांमध्ये दिसलेलं आहे. तुमच्या मुलाला आराम त्याच्याचमुळे पडतो, असं मी म्हणणार नाही, मुख्य काम सूज थेट उतरवण्याचं आहे. पण सासऱ्यांना प्रोटीनच हवं असेल तर ते डब्यापेक्षा पंपाच्या जास्त जवळ आहे, हे सांगायला हरकत नाही. कोजागरीला दम्याच्या औषधाची खीर द्यायला कुणी नेलं, तर खीर खाऊ द्या बापडा. पंप मात्र त्या रात्रीही चुकवू नका.

सासरे स्वतः विडी ओढतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सिन्नरची विडी अजून बऱ्याच घरांत टिकून आहे, म्हणून विचारतो. धूर हा या प्रोटीन्सचा उघड शत्रू आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवात एसपी-ए आणि डी दोन्ही कमी भरतात, हे १९९० च्या दशकातच कळलं. गॅलरीत ओढली तरी धूर शर्टाला, मिशांना, पडद्याला चिकटून आत येतो. बंद खोलीतला धूप, उदबत्तीचा अख्खा पुडा, रात्रभर जळणारी डासांची कॉइल यांनाही तोच न्याय. देवापुढे एक उदबत्ती लावून खिडकी उघडी ठेवली तर देव रागावणार नाही.

धुळीच्या किड्यांसाठी घर पुसून काढण्याच्या नादी फार लागू नका. ते फरशीवर नसतात, अंथरुणात असतात. आपल्याकडे नोव्हेंबर लागला की वर्षभर माळ्यावर पडलेल्या गोधड्या आणि रजया निघतात आणि त्याच रात्री पोरं खोकायला लागतात. थंडी बाधली, असं घरातले म्हणतात. बाहेर काढलेली गोधडी आधी हात भाजेल इतक्या, म्हणजे साठेक अंशांच्या, गरम पाण्यातून काढा, कडक उन्हात दोन दिवस घाला आणि मगच पोराच्या अंगावर. धुता न येणारी कापसाची गादी-उशी असेल तर तिला बंद विणीचं, चेन असलेलं कव्हर घाला. पावसाळ्यात भिंतीला ओल आली असेल तर पलंग त्या भिंतीपासून हलवा. ओलीवर रंगाचा हात मारून बुरशी जात नाही, गळती शोधावीच लागते. मऊ खेळणी कमी करा. एअर प्युरिफायरचा खर्च मी तरी शेवटी ठेवेन.

माहेरच्या चाळीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि पावसाळाभर तिथे राहतो. दिवाळीच्या सुमारास फोडताना वरच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते, बोटाला लागते. ती ॲस्परजिलस नायजर, म्हणजे मघाशी सांगितलेल्या बुरशीची सख्खी चुलत बहीण. तिचे बीजाणू तीन ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे नाकात न अडकता थेट खालच्या नळ्यांपर्यंत जाणारे. कांदा निवडताना, टोपल्या ओतताना आणि सालपट उडवताना हवेत त्यांचा लोट उठतो. शाबूत पहारा असलेली छाती तेवढं पचवते, सुजलेली छाती नाही. तेव्हा चाळ फोडण्याच्या दिवशी मुलगा त्या खळ्यावर नको, वस्तीवरच्या दुसऱ्या घरीसुद्धा वाऱ्याच्या दिशेला नको. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मामाचा कांदा चार दिवसांनी पिशवीतून घरी आला तर तो खाऊन काहीही होत नाही, तेव्हा कांदा खाणं बंद करू नका.

एका तपासणीचा विषय मात्र डॉक्टरांकडे जरूर काढा. नियमित पंप घेऊनही खोकला राहिला, तपकिरी घट्ट कफाच्या गुठळ्या पडल्या किंवा एकूण आयजीई पाचशे-हजाराच्या पुढे असेल, तर ॲस्परजिलसची वेगळी ॲलर्जी आहे का, हे रक्तातून पाहतात. मुलांमध्ये ती कमी असते, पण सापडली तर उपचार वेगळे लागतात.

आणि पंप घ्यायची पद्धत. निम्म्या घरांत औषध जिभेवर जातं आणि दोष पंपाला मिळतो. नऊ वर्षांच्या मुलाला स्पेसर हवाच. पंप हलवायचा, स्पेसरला उभा जोडायचा, श्वास पूर्ण सोडून तोंडाची पकड घट्ट करायची, एकच फवारा मारायचा आणि पाच-सहा संथ श्वास घ्यायचे. दुसरा फवारा पुन्हा हलवून, वेगळा. दोन फवारे एकदम मारून वेळ वाचत नाही, औषध नळीच्या भिंतीला बसतं. नंतर चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं. निळा, म्हणजे धाप लागल्यावर तेवढ्यापुरता घ्यायचा पंप लगेच आराम देतो म्हणून घरच्यांना तोच आवडतो. तो नळ्या उघडतो, सूज उतरवत नाही. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर रोजचा उपचार कमी पडतोय, असं समजून डॉक्टरांना फोन करा.

मुलगा एक वाक्य एका दमात बोलू शकत नसेल, फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपानेही उतार पडत नसेल, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे निळा पंप स्पेसरमधून देत देत थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. गावी जाताना दोन्ही पंप पिशवीत हवेत आणि जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय कुठे आहे, हे मामाला माहीत हवं.

पंप कमी करायचा का, हे तीन महिने चांगले गेल्यावर डॉक्टर ठरवतील, आणि बऱ्याच मुलांचा तो कमी होतोही. पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर सोबत न्या, डॉक्टरांसमोर मुलाला घ्यायला लावा, आणि जमलं तर सासऱ्यांनाही बरोबर घेऊन जा.